वसुली थांबते, व्याज थांबत नाही



दुष्काळ जाहीर झाला की सवलतींची यादी येते. तिच्यात ‘शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती’ ही ओळ ठरलेलीच असते. राज्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाही ती होती. गावात पोचेपर्यंत तिचा अर्थ ‘यंदा कर्ज भरायचं नाही’ एवढाच उरतो. याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. काय थांबले आणि काय चालू राहिले, हे सांगण्याची जबाबदारी जाहीर करणाऱ्याची आहे.

स्थगितीने तगादा थांबतो, व्याज थांबत नाही. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र व राज्याच्या सवलती मिळून ते शून्य टक्क्याने पडते. मुदत टळली की त्या सवलतीवर पाणी सोडावे लागते. मुदत रीतसर वाढवून हवी असेल, तर कर्जाचे पुनर्गठन करून घ्यावे लागते. त्यासाठी पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. पुनर्गठित रकमेवर पहिल्या वर्षी व्याज सवलत असते, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर लागतो. ज्याला फक्त ‘स्थगिती’ ऐकू आली, त्याला हा फरक थकबाकीच्या नोटिशीतूनच कळतो.

शहरातही वेगळे घडले नाही. करोनाच्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी हप्त्यांना तीन महिन्यांचा मोरॅटोरियम (स्थगिती) दिला आणि पुढे तो ३१ ऑगस्टपर्यंत वाढवला. या काळात व्याज चालू राहील, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते. स्टेट बँकेने तेव्हा उदाहरणही दिले होते : १५ वर्षे शिल्लक असलेल्या ३० लाखांच्या गृहकर्जाचे तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलले, तर सुमारे २ लाख ३४ हजार रुपये जादा व्याज, म्हणजे आणखी आठ हप्ते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ मार्च २०२१ च्या निकालाने व्याजावरचे व्याज आणि दंडव्याज रद्द झाले, मूळ व्याज मात्र कायम राहिले.

व्याज सरसकट माफ करा, असे माझे म्हणणे नाही. बँकेला ठेवीदाराचे व्याज त्या काळातही द्यावेच लागते आणि त्या ठेवीदारांत निवृत्त माणसे असतात. हप्ता चुकूनही खाते थकीत ठरत नाही, हा मोरॅटोरियमचा मोठा आधार होता, हेही खरे. ज्याची मिळकतच बंद झाली, त्याला जादा व्याज सोसूनही तो घ्यावा लागला. पण ज्याला हप्ता भरणे शक्य होते, त्याने आकडा पाहून निर्णय घ्यायला हवा होता. परिपत्रकात लिहिले होते, एवढ्याने बँकांची जबाबदारी संपत नाही. कर्जदार परिपत्रक वाचत नाही. त्याला मोबाइलवर आलेला दोन ओळींचा संदेश दिसतो.

म्हणून मागणी साधी आहे. स्थगिती जाहीर करताना सरकारने आणि बँकांनी सोप्या मराठीत तीन गोष्टी सांगाव्यात : काय थांबले, काय चालू आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत. संमती घेण्याआधी प्रत्येक कर्जदाराला त्याच्या स्वतःच्या खात्याचा हिशेब लेखी द्यावा : जादा व्याज किती, नवा हप्ता किती, मुदत किती वाढणार. गावात हा कागद विकास सोसायटीच्या फलकावर आणि ग्रामसभेत वाचला जावा. वृत्तपत्रांनीही ‘कर्जदारांना दिलासा’ या मथळ्याखाली व्याजाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करावा.

तोवर कर्जदारांना एवढीच विनंती : स्थगितीची बातमी कळताच बँकेत किंवा सोसायटीत जा, पुनर्गठनाचा अर्ज मागा आणि व्याजाचा आकडा लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

– एक वाचक