हात नाही, पाय चुकले!

शेवटचं दीड मिनिट, स्कोअर बरोबरीत आणि मला दोन फ्री थ्रो. ऑफिस-टूर्नामेंटची सेमीफायनल. दोन्ही वेळा बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून ठण्णकन परत! मॅच गेली ती गेलीच, पण पुढे आठवडाभर पॅण्ट्रीत एकच गॉसिप. 'प्रेशर झेपत नाही तिला.' अप्रेझलच्या तोंडावर हे ऐकायला किती गोड लागतं, विचारू नका.

दिवाळीत आजोळी, नळदुर्गला गेले आणि दादाकडे सगळं ओकले. दादा म्हणजे मामेभाऊ, शाळेत पीटीचे सर. त्याचा पहिला प्रश्न, "बॉल पडला कुठं? पुढं का बाजूला?"

पुढेच. दोन्ही वेळा.

"मग हाताला कशाला बोल लावतीस? पायाला विचार की."

त्या संध्याकाळी ग्राउंडवर ताज्या दमात दहा फ्री थ्रो मारले. सात आत! मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला किल्ल्यात नेलं आणि उपळी बुरुजाच्या त्या उंच उंच पायऱ्या तीनदा चढायला लावल्या. किल्ल्यातला हा सर्वांत उंच बुरूज. वरून बोरी नदी काय दिसते! पण व्ह्यू एन्जॉय करायला श्वास शिल्लक हवा ना. उतरताना मांड्या लटपटत होत्या. "हेच तुझं शेवटचं दीड मिनिट," दादा म्हणाला आणि बाइकवरून थेट ग्राउंडवर. दहापैकी चार. चुकलेल्या सहांतले पाच पुढेच पडलेले.

फंडा असा आहे. शॉटची ताकद मनगटातून नाही, गुडघ्यांतून येते. पाय दमले की गुडघे कमी वाकतात, जम्प कमी होते, बॉल खालून सुटतो. मग उरलेली ताकद खांदा लावायला जातो, कोपर बाहेर येतं आणि बॉल सपाट जातो. इथे भूमितीही आपल्यावर उलटते. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर. बॉल 45 अंशांत उतरला तर त्याला साधारण 32 सेंटिमीटरची फट मिळते. 30 अंशांत आला तर जेमतेम साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही कमी! कडेला न घासता आत जाणं अशक्यच.

आणि आपण प्रॅक्टिस कशी करतो? आल्या आल्या शूटिंग, मग मॅच, मग चहा. दमल्यावर शॉट मारायची वेळ थेट मॅचमध्येच येते. दादाचा उपाय सोपा आहे. आधी ताज्या पायांनी फॉर्म पक्का करायचा, तो दमून शिकता येत नाही. मग कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार स्प्रिंट आणि लगेच दोनच फ्री थ्रो. दहा नाही, कारण मॅचमध्ये बहुतेकदा दोनच मिळतात. बॉल हातात आल्यापासून नियमानं पाच सेकंद असतात. त्यात एक लांब श्वास सोडायचा, गुडघे मुद्दाम जास्त वाकवायचे. असे पाच राउंड. चुकलेला प्रत्येक बॉल कुठे पडला ते वहीत लिहायचं. कोपर सारखं बाहेर यायला लागलं की बंद, नाहीतर चुकीचाच शॉट पाठ होतो.

दमून अचूक खेळणं या जिल्ह्याला नवं नाही म्हणा. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताला खो-खोचं सुवर्ण जिंकून देणारी कॅप्टन सारिका काळे धाराशिवचीच. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत पळून पळून पाय भरून आले तरी खांब चुकवून चालत नाही.

आता आपल्या वर्मावर बोट. 2011 मध्ये चेरी माह आणि सहकाऱ्यांचा स्टॅनफर्डमधला अभ्यास आला. कॉलेजच्या अकरा बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज रात्री दहा तास बिछान्यात राहायचं टार्गेट दिलं होतं. फ्री थ्रोची अचूकता 9 टक्क्यांनी वाढली, थ्री-पॉइंटरची 9.2 टक्क्यांनी. ग्रुप छोटासा होता, मान्य. पण सेमीफायनलच्या आदल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत प्रेझेण्टेशन करत बसले होते, हे मी पॅण्ट्रीत कुणाला सांगितलं नव्हतं.

सध्या मंगळवार-शुक्रवार, ऑफिसनंतर वीस मिनिटं. वहीत गेल्या शुक्रवारची नोंद : स्प्रिंटनंतर दहापैकी सहा. चुकलेल्या चारांतला एकच पुढे.