गोड हसू, कडक काम

रेणुका शहाणे म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं? स्माइल! आम्हा नगरकरांचंही (हो, आताचं अहिल्यानगर) तेच. 'सुरभि'त प्रश्न विचारला की सावेडीतल्या आमच्या घरातून पोस्टकार्ड निघायचंच. मग १९९४मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि गोड वहिनीचा शिक्का पक्का झाला.

पण बाईंनी पुढे काय केलं बघा. २००९मध्ये 'रीटा' दिग्दर्शित केला, आई शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीवर. नायिका कोण, तर घर चालवणारी, विवाहित बॉसमध्ये गुंतलेली आणि एक दिवस मनानं कोसळणारी नोकरदार मुलगी. हा रोल दिला पल्लवी जोशीला. स्वतः झाल्या तिची मैत्रीण. 'त्रिभंग' यायला मात्र २०२१ उजाडलं. लेखनही त्यांचंच. आई-मुलीच्या तीन पिढ्या, आणि त्यातली आई आदर्शबिदर्श अजिबात नाही.

ऑफिसात आपल्यालाही असाच शिक्का बसतो. कुणी 'एक्सेलवाला', कुणी 'प्रेझेंटेशनवाली'. अप्रेझलमध्ये त्याचंच कौतुक होतं, म्हणून दुसरं काही मागायचा धीर होत नाही. रेणुकाताईंनी कुणाची परवानगी न मागता नवं काम हातात घेतलं. हसू आहे तसंच आहे. या वीकेंडला 'त्रिभंग' बघाच!