ब्रह्मदेशातले भिक्खू आणि आपल्या पोरांच्या हातातला मोबाईल

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. एका रविवारी वाचन आटोपल्यावर बारावीतला एक मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला. "जय भीम काका, हे बघा, बर्मात मुसलमानांनी आपल्या लोकांचे काय हाल केले!" पडद्यावर प्रेतांची रास आणि सभोवती गडद लाल चीवरातले भिक्खू. मी ते छायाचित्र ओळखले. एप्रिल २०१० मध्ये चीनच्या छिंगहाय प्रांतात युशू येथे भूकंप झाला. तेथील तिबेटी भिक्खूंनी मृतांवर सामुदायिक अंत्यसंस्कार केले, त्या वेळचे ते छायाचित्र.

गंमत अशी की हेच छायाचित्र २०१२ मध्ये अगदी उलट्या मजकुरासह फिरत होते. बौद्ध भिक्खूंनी कत्तल केलेले ब्रह्मदेशातले मुसलमान, असा तो मजकूर होता. त्याच वर्षी ११ ऑगस्टला आसाम आणि ब्रह्मदेशातील घटनांच्या निषेधार्थ मुंबईच्या आझाद मैदानात सभा भरली, तिचे पर्यवसान हिंसाचारात झाले आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतरच्या आठवड्यात अफवांचे एसएमएस आले आणि पुण्या-बंगळुरूतून ईशान्येकडची पोरेपोरी मिळेल त्या गाडीने गावी पळाली. सरकारला एसएमएसच्या संख्येवर बंधन घालावे लागले. भूकंपात मेलेल्या माणसांना कुणी मुसलमान केले, कुणी बौद्ध केले. त्यांची खरी नावे कोणीच विचारली नाहीत.

आपल्या किती तरुणांनी ब्रह्मदेशातला मुसलमान प्रत्यक्ष पाहिला आहे? आणि मोहल्ल्यातल्या किती मुलांनी भिक्खूशी दोन शब्द बोलले आहेत? शेजारी राहूनही एकमेकांची ओळख होते ती मोबाईलवर, आणि तीही प्रेतांवरून!

मुलाने मग सरळ विचारले, "म्हणजे काका, तिथे काहीच झालं नाही?" झाले आहे बाळा, आणि ते आपल्याला लाज वाटावी असे आहे. २०१४ मध्ये परदेशी मोबाईल कंपन्या ब्रह्मदेशात आल्या. पूर्वी शेकडो डॉलर लागणारे सिमकार्ड दीड डॉलरला मिळू लागले. बहुतेकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट. जुलै २०१४ मध्ये मंडाले शहरात मुसलमान चहावाल्याने बौद्ध स्त्रीवर बलात्कार केल्याची अफवा फेसबुकवर पसरली. विराथू नावाच्या भिक्खूने ती पुढे रेटली. दंगलीत दोघे मेले, एक बौद्ध आणि एक मुसलमान. त्या स्त्रीला पैसे देऊन खोटी फिर्याद करायला लावली होती, हे नंतर उघड झाले. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि लष्कराने त्याचा सूड गावेच्या गावे जाळून घेतला. सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये द्वेष पसरवण्यातील फेसबुकच्या वापरावर ठपका ठेवला. आपण पुरेसे काही केले नाही, अशी कबुली कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरात दिली. २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषा जाणणारे तपासनीस तिच्याकडे मोजून दोन होते.

रोहिंग्यांची गावे जाळली गेली तो राखाइन प्रांत म्हणजे जुना आराकान. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर याच आराकानचे. बाबासाहेब स्वतः १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तेव्हा ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. म्हणूनच चीवर अंगावर आहे एवढ्यासाठी विराथूची बाजू घेता येत नाही. कालाम सुत्त वाचणाऱ्याने तर मुळीच घेऊ नये.

त्याच देशात मेकटिला गावी मार्च २०१३ च्या दंगलीत उ विथुद्ध या भन्तेंनी शेकडो मुसलमानांना आपल्या विहारात आसरा दिला आणि बाहेर चालून आलेल्या जमावाला हटकले. त्यांचा फोटो मला आजवर एकाही ग्रुपवर आलेला नाही. रागाने बोट लवकर हलते. माणूस जितका वेळ पडद्याला चिकटेल तितका कंपनीचा धंदा.

त्या मुलाच्या फोटोखाली लिहिले होते, "बौद्धांनो, जागे व्हा." शब्दन् शब्द तोच मजकूर मी "हिंदूंनो" या संबोधनासह दुसऱ्या एका ग्रुपवर वाचला होता. कारखाना कुठे आहे हे वकिलाने सांगायला हवे काय? ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांना आज आपल्या भिक्खूंचा अचानक कळवळा का यावा?

मोबाईल फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबाचे हत्याकांड झाले, तेव्हा प्रस्थापित वृत्तपत्रांनी आधी दखल घेतली नाही आणि मग अनैतिक संबंधांची कहाणी छापली. कार्यकर्त्यांनी छायाचित्रे आणि सत्यशोधन अहवाल हातोहात फिरवले, म्हणून समाज रस्त्यावर आला. दुसऱ्याने आपली ओळख ठरवली की काय होते, हे आपल्याइतके कोण जाणतो? पण तिथे फोटोमागे गाव होते, तारीख होती, फिर्यादी होता. भैयालाल भोतमांगे हयात होते. पोराच्या मोबाईलमधल्या फोटोमागे काय होते?

आता कोर्टातले सांगतो. असा स्टेटस ठेवला की गुन्हा दाखल होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १५३-अ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे. कंपनीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ची ढाल आहे. मजकूर लिहिणारा सापडत नाही. सापडतो तो वस्तीतला एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याने तो फक्त पुढे ढकलला. त्याची आई जामिनासाठी मंगळसूत्र मोडते आणि पोलीस भरतीचे त्याचे स्वप्न तिथेच संपते. अशा तीन माता माझ्या कार्यालयात येऊन गेल्या आहेत.

मुलाने तो फोटो माझ्यासमोर काढून टाकला. पण विहाराच्या ग्रुपवर तो अजून आहे. ॲडमिनला मी दोनदा सांगितले. "साहेब, फोटो खोटा असेल, पण भावना तर खरी आहे ना?" असे ते म्हणाले. येत्या रविवारी वाचनानंतर कमिटीची बैठक आहे. विषयपत्रिकेत हा विषय मी लेखी दिला आहे.