अकरा जणांचा संघ निवडताना

वाचकहो, घरात एखादे वयोवृद्ध फुटबॉलप्रेमी असतील, तर पुढील संवाद आपल्या कानांना परिचित असेल. "मधल्या फळीत चेंडू राखणारा माणूस नाही, आणि हे आणखी एक आघाडीचा खेळाडू विकत घेऊन बसले!" असे आजोबा तावातावाने म्हणतात. "पण आजोबा, गोलच झाले नाहीत, तर चेंडू राखून काय करायचे?" असे नातू विचारतो. आवाज चढू लागतात आणि आतून कोणीतरी म्हणते, "पुरे आता, रक्तदाब वाढेल."

हे 'पुरे आता' प्रेमापोटी आलेले असते, यात शंका नाही. परंतु ते सर्वस्वी योग्य असते का? या अंकात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. हा विषय वरवर करमणुकीचा वाटला, तरी त्याच्या एका बाजूला वृद्ध माणसाचे मन आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचे हृदय. दोन्ही सांभाळायची, तर आधी हा वाद समजून घ्यायला हवा.

वाद कशाविषयी असतो?

ज्यांना या खेळाची गोडी नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुटबॉलमध्ये खेळाडू एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जातात आणि त्यासाठी नवा संघ जुन्या संघाला रक्कम मोजतो. यालाच 'ट्रान्सफर' म्हणतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे व्यवहार नोंदवण्यासाठी ठरावीक मुदत असते. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात एक दीर्घ मुदत आणि जानेवारीत एक छोटी. या काळात सामने नसले, तरी चर्चेला खंड नसतो. कोणाला घ्यावे, कोणाला सोडावे, कोणासाठी किती पैसे मोजावेत, याविषयी प्रत्येक समर्थकाचे मत ठाम असते. १९०५ मध्ये आल्फ कॉमन हा खेळाडू सँडरलँडकडून मिडल्सब्रोकडे १,००० पौंडांना गेला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती. २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या संघाने बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले. 'आमच्या काळी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याला याहून चांगले निमित्त कोणते?

दुसरा वाद संघनिवडीचा. अकरा जागा आणि दावेदार अनेक. या वादाचे आयुष्य किती दीर्घ असते, हे कोलकात्यात पाहावे. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले, तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक उपस्थित होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांची 'डायमंड' व्यूहरचना त्या हंगामात गाजत होती. पी. के. बॅनर्जी यांच्या ईस्ट बंगालने तो सामना ४-१ असा जिंकला आणि भाईचुंग भुतियाने तीन गोल केले. व्यूहरचना चुकली की ती राबवणारे खेळाडू कमी पडले, हा प्रश्न त्या पिढीच्या समर्थकांपुढे आजही टाकून पाहा. उत्तर एका वाक्यात मिळणार नाही. आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तिथे नुसत्या संघांची नाहीत, ती घराण्यासारखी सांगितली जातात. एखादा खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेला, तर ती बातमी कट्ट्यावर किती दिवस पुरते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

मेंदूसाठी हा वाद म्हणजे काय?

संघ निवडताना माणूस काय काय करतो, ते पाहा. तो नावे आठवतो. दोन खेळाडूंची तुलना करतो. एकाला घेतले तर दुसरा कोठे बसेल, याची मांडणी डोक्यात धरून ठेवतो. समोरच्याचे म्हणणे ऐकून आपले मत तपासतो, प्रसंगी बदलतो. स्मृती, अवधान, नियोजन आणि भाषा अशा अनेक शक्ती एकाच वेळी कामाला लागतात, आणि तेही आपण व्यायाम करीत आहोत याची जाणीव नसताना.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. उतारवयात माणसाचे बोलणे भूतकाळाकडे झुकते, कारण भविष्याविषयी त्याला कोणी विचारीत नाही. घर कोठे घ्यायचे, मुलीचे लग्न कसे करायचे, पैसे कशात गुंतवायचे, हे निर्णय आता इतरांच्या हाती गेलेले असतात. अशा वेळी 'पुढच्या हंगामात आपल्याला डावा बचावपटू हवा' असे म्हणणारा पंचाहत्तरीचा माणूस पुढच्या हंगामाची वाट पाहत असतो. वाट पाहण्याजोगे काहीतरी पुढे असणे, हे वृद्धापकाळातले लहान सुख नव्हे.

ग्लासगोने घालून दिलेला पाठ

स्कॉटलंडमध्ये या गोष्टीचा उपयोग स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी मोठ्या कल्पकतेने करण्यात आला आहे. ग्लासगोतील हॅम्पडेन पार्क येथे स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय आहे. ते आणि 'अल्झायमर स्कॉटलंड' ही संस्था यांनी मिळून 'फुटबॉल मेमरीज' हा उपक्रम उभा केला. स्वयंसेवक जुनी छायाचित्रे घेऊन रुग्णांच्या छोट्या गटांत बसतात आणि गप्पांना सुरुवात करून देतात. हे स्वयंसेवक बहुधा स्वतःच फुटबॉलचे जुने भक्त असतात.

त्या शहरात गप्पांना विषयांची वाण नाही. १९६७ मध्ये सेल्टिक संघाने लिस्बन येथे इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपीय चषक जिंकला. त्या दिवशी खेळलेले अकराही जण ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. १९७७ मध्ये त्याच सेल्टिकने आपला लाडका केनी डालग्लिश लिव्हरपूलला ४ लाख ४० हजार पौंडांना दिला. पुढच्याच वर्षी युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल डालग्लिशने लिव्हरपूलसाठी केला. 'त्याला जाऊ द्यायला हवे होते का?' हा प्रश्न सेल्टिकच्या जुन्या समर्थकाला आजही स्वस्थ बसू देत नाही. आणि १९८९ मध्ये मो जॉन्स्टन सेल्टिककडे परतणार असे सर्वांनी गृहीत धरले असताना तो कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सकडे गेला, तेव्हा दोन्ही बाजूंचे समर्थक खवळले होते.

अशा आठवणी टिकतात, यामागे कारण आहे. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी उत्तरायुष्यात इतर काळापेक्षा अधिक ठळकपणे आठवतात, असे मानसशास्त्राला दिसून आले आहे. शिवाय स्मृतिभ्रंशात नुकतीच घडलेली घटना लवकर पुसली जाते, जुनी तुलनेने उशिरा. म्हणून सकाळी नाश्ता केला की नाही हे न आठवणारे गृहस्थ तरुणपणीच्या संघातील खेळाडूंची नावे क्रमाने सांगू शकतात. अर्थात, येथे एक सावधगिरी. अशा गप्पांनी आजार बरा होत नाही, त्याची वाटचालही थांबते असे म्हणता येत नाही. मात्र बोलणे, मनःस्थिती आणि आपल्या माणसांशी असलेला धागा यांना काहींच्या बाबतीत आधार मिळतो. शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाला त्या आधाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

होकारातले एकटेपण

वृद्धांशी आपण कसे बोलतो, याचा एकदा प्रामाणिकपणे विचार करावा. आपण त्यांच्याशी वाद घालीत नाही. 'हो बाबा', 'बरोबर आहे तुमचे' असे म्हणून विषय संपवतो. हा आदर आहे अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तो दुर्लक्षाचा सभ्य प्रकार असतो. ज्याच्या मताला कोणी विरोधही करीत नाही, त्याच्या मताला किंमत उरली नाही, हे त्या माणसाला नेमके कळते.

फुटबॉलच्या वादात ही दरी मिटते. तेथे वडील-धाकटे, मिळवते-अवलंबून असा भेद नसतो. नातवाने 'तुमचे चुकते आहे' म्हणावे आणि आजोबांनी 'तू अजून लहान आहेस' असे उत्तर द्यावे, यात दोघांचाही मान राहतो. या वादाची आणखी एक सोय अशी, की त्यात हरले तरी घरातले काही बिघडत नाही. मालमत्तेचा वाद आणि मधल्या फळीचा वाद यांत हाच मोठा फरक आहे.

हृदयाची बाजू

आता 'पुरे आता' म्हणणाऱ्या व्यक्तीच्या काळजीकडे वळू, कारण ती निराधार नाही. २००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला. त्या काळात म्युनिक परिसरात झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी तातडीच्या हृदयविकाराच्या घटना इतर दिवसांच्या तुलनेत २.६६ पट आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत धोका सर्वाधिक होता आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना तो अधिक होता. १९९८ मध्ये इंग्लंडचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टी किकवर हरला, त्या दिवशी आणि पुढील दोन दिवसांत इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचेही नोंदले गेले आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हे आकडे महत्त्वाच्या सामन्यांच्या दिवसांचे आहेत, दुपारच्या चहाबरोबर रंगलेल्या चर्चेचे नाहीत. निकाल क्षणात ठरतो आणि आपल्या हाती काही नसते, तो ताण निराळा. खेळाडू कोणता घ्यावा, ही चर्चा मात्र हवी तेव्हा थांबवता येते. म्हणून ज्यांचे हृदय नाजूक आहे, त्यांना फुटबॉलपासून तोडू नये. सामन्याची वेळ जपावी आणि चर्चा मनमोकळी होऊ द्यावी.

चर्चेलाही मर्यादा हवी. निष्ठा कडवटपणाकडे झुकली की काय होते, हे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर दिसले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात उसळलेल्या गोंधळात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. घरातला वाद एवढ्या थराला जात नाही. पण चेहरा लाल होणे, हात थरथरणे, श्वास लागणे, तेच तेच वाक्य संतापाने पुन्हा म्हणणे ही खूण दिसली, की हळूच विषय बदलावा.

घरी काय करता येईल?

१. परीक्षा घेऊ नये. 'सांगा पाहू, गोलरक्षक कोण होता?' असा प्रश्न न आठवणाऱ्याला खजील करतो. त्याऐवजी आपणच चुकीचे का होईना एक मत मांडावे. विरोध करण्याच्या ओघात नावे आपोआप येतात.

२. कागदावर अकरा वर्तुळे काढून द्यावीत आणि 'तुमच्या आवडीचा सार्वकालिक संघ भरा' असे म्हणावे. एका बैठकीत पूर्ण होण्याची घाई नको. स्मृतिभ्रंश असल्यास दोन छायाचित्रे समोर ठेवून 'यांपैकी कोणाला घ्यायचे?' एवढेच विचारावे. साल किंवा नाव चुकले, तर दुरुस्त करू नये.

३. ऐकू कमी येत असेल, तर दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून समोर बसून बोलावे. अनेकदा वाद चढतो, तो मतभेदाने नव्हे, तर न ऐकू आल्याने.

४. युरोपातील अनेक महत्त्वाचे सामने आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजता सुरू होतात. रोजचे जागरण टाळावे. निकाल न सांगता सकाळी मुद्रण दाखवावे. आनंद तोच राहतो, झोपही राहते.

५. सामना पाहताना औषधांची वेळ चुकू नये. खारवलेले शेंगदाणे, फरसाण, तंबाखू आणि मद्य दूर ठेवावे. मध्यंतरात उठून चार पावले चालावे. अंधारात उठताना पडण्याचा धोका असतो, म्हणून खोलीत दिवा असावा.

६. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काहीही जाणवल्यास सामना संपण्याची वाट पाहू नये. वृद्धांत आणि मधुमेहींत वेदनेवाचूनही झटका येऊ शकतो. अचानक थकवा आणि अस्वस्थपणा एवढेच लक्षण असते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

७. सामन्यांच्या निकालावर पैसे लावण्याची आमिषे मोबाइलवर येतात. त्यांच्यापासून ज्येष्ठांना सावध करावे. मत मांडायला पैसे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी फुटबॉल नाही, त्यांनी निराश होऊ नये. भजनी मंडळात पखवाजावर कोणी बसावे, जुन्या संगीत नाटकात आज कोणाला उभे करावे, दिवाळीच्या फराळाची कामे कोणाकडे सोपवावीत, हेही संघनिवडीचेच प्रश्न आहेत. एखाद्या आजीला या प्रश्नांवर बोलते करून पाहा. तिची मते कोणत्याही प्रशिक्षकाइतकी पक्की निघतील.

वृद्धांची शुश्रूषा करताना आपण त्यांना पथ्य देतो, औषध देतो, हात देतो. यांच्या जोडीला अधूनमधून एक सभ्य विरोधही द्यावा. 'मला नाही पटत' हे शब्द आदराने उच्चारले, तर ऐकणाऱ्याला आपण अजून मैदानात आहोत याची खात्री पटते. आपले वैद्य ही मात्रा चिठ्ठीवर लिहून देणार नाहीत; ती कुटुंबानेच योग्य प्रमाणात द्यायची आहे.