गुंठा की ऑफिसचा तुकडा? रीटचा हिशेब समजून घ्या

बेडसे असो की कामशेत, मावळात गुंतवणूक म्हटलं की आधी गुंठाच आठवतो. पण मोठ्या ऑफिस पार्कातला हिस्साही शेअर बाजारातून विकत घेता येतो, अगदी एका युनिटपासून. हा मार्ग म्हणजे रीट.

देशातलं पहिलं रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल 2019 मध्ये बाजारात आलं. तेव्हा मावळाशेजारच्या हिंजवडीतले क्वाड्रन आणि टेकझोन हे पार्कही त्यात होते.

पैसे कुठून येतात?
भाड्यातून. वाटण्याजोग्या रोखीपैकी किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी, असा सेबीचा नियम आहे.

मग धोका कुठे?
हे एफडीचं व्याज नाही. मजले रिकामे राहिले की वाटप घटतं. कोरोनात घरून काम सुरू झालं. त्यातच 2020 मध्ये सेझमध्ये नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत बंद झाली आणि सेझमधल्या जागा भरणं अवघड झालं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने नियम बदलून असे मजले सेझबाहेरच्या कंपन्यांना देण्याची वाट मोकळी केली.

काय पाहायचं?
किती जागा भरली आहे, किती भाडेकरार लवकर संपणार आहेत आणि कर्ज किती आहे. कर्जाची कमाल मर्यादा मालमत्तेच्या 49 टक्के आहे.

गुंठा घेताना सातबारा पाहतात. रीट घेताना तिमाही अहवाल पाहावा.