पाखरांकडे पाहा : ही प्रभूची आज्ञा आहे



मत्तय ६:२६ हे वचन आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. आजाऱ्याच्या उशाशी, मयताच्या घरी, नोकरी गेलेल्या तरुणाजवळ बसून आपण ते सांगतो. देव पाखरांना खाऊ घालतो, मग तो तुला विसरेल का? हे सांत्वन खरे आहे. पण वचनाची सुरुवात सांत्वनाने होत नाही. प्रभू आधी पाहायला सांगतो, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओझरती नजर टाकणे असा नसून निरखून पाहणे असा आहे. ही आज्ञा आहे. आपण मात्र तिचा उपयोग फक्त धीर देण्यापुरता करतो आणि पाहण्याचे काम सोडून देतो, हे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे.

पाहायचे कुठे? गोव्यातला पेडणे किंवा डिचोली तालुका घ्या आणि जानेवारीतला एक दिवस काढा. पहाटे ओहोटीच्या वेळी मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी उभे राहा. वाळूच्या पट्ट्यावर शेकडो कुरव आणि सुरय बसलेले असतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर होते. पाण्याच्या कडेने धावणारे चिमुकले चिखले हिमालय ओलांडून आलेले असतात. ऊन चढले की आगरवाडा, कोरगावच्या खाजन शेतांकडे वळा. तिथे गायबगळे, कुदळे, खंड्या, तारेवर बसलेले वेडे राघू दिसतील. दुपारनंतर डिचोलीत मये तलावाच्या काठी बसा. यिर्मया संदेष्टा म्हणतो की करकोच्याला आणि पारव्याला आपला येण्याजाण्याचा काळ कळतो, माझ्या लोकांना मात्र परमेश्वराचा नियम कळत नाही (यिर्मया ८:७). तो पक्षीनिरीक्षणाचा छंद शिकवत नव्हता. तो पाखरांना साक्षीदार म्हणून उभे करत होता.

निरखून पाहिले की पुढचा प्रश्न येतो. स्वर्गीय पिता यांना खाऊ घालतो तो कसा? आकाशातून टोपली सोडून नव्हे. भरतीने आणलेला चिखल, त्यातले किडे, कालवे, खेकडे, मासळीची पिल्ले, वायंगणाच्या भातातले बेडूक आणि टोळ, हेच त्याचे ताट. खाजनात तर या ताटाला माणसाचाही हात लागलेला आहे. खारे पाणी अडवणारा बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, म्हणून तिथे भात पिकते, मासळी मिळते आणि पाखरूही जगते. एदेनात आदामाला जमीन कसण्याबरोबर राखण्याचेही काम दिले होते (उत्पत्ती २:१५). ते काम इथे बांधावर दिसते.

मग हे ताट ओढून घेणारे कोण? मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. त्याआधी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती स्थगिती उठली. विमानतळ झाला आणि पेडण्याच्या जमिनीला भाव आला. २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम ३९अ आले, आणि अर्ज करून जमिनीचा झोन बदलून घेण्याची वाट उघडली. डिचोलीने खाणी भोगल्या आहेत. पावसात खाणीची माती वाहून शेतात बसली आणि शेते नापीक झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. न्यायालयाला दिसले ते प्रभुभोजन घेणाऱ्या आपल्याला का दिसू नये?

यावर एक उत्तर ठरलेले असते. माणूस पाखरांपेक्षा मोलवान आहे असे खुद्द प्रभूच म्हणतो, मग रोजगार सोडून बगळ्यांची काळजी कशाला? रोजगाराची गरज खोटी नाही. विमानतळावर, हॉटेलात काम मिळालेली मुले आपल्याही घरांत आहेत. पण प्रभूचा युक्तिवाद नीट वाचा. तो म्हणतो, पाखरांना मिळते, म्हणून तुम्हांलाही मिळेल. पाखरांना मिळते हा त्याचा पुरावा आहे. चिखलाचा किनारा बुजवून, खाजनात भराव टाकून पाखरांना उपाशी ठेवणारा माणूस स्वतःचे मोल वाढवत नाही, तो प्रभूने दिलेला पुरावाच पुसून टाकतो. शिवाय ज्या शेतातून पाखरू उठले, त्या शेतातून शेतकरीही उठलेला असतो.

लूकचे शुभवर्तमान तर आणखी कडक आहे. तिथे प्रभू कावळ्यांकडे लक्ष द्यायला सांगतो (लूक १२:२४). कावळा नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध, कोणाच्याच कामाचा नाही. आणि त्याच्या लगेच आधी कोणता दाखला आहे? जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या मूर्ख धनवानाचा. म्हणजे पाखरांचे वचन फक्त चिंतातुरांसाठी नाही, हावऱ्यांसाठीही आहे. आपण ते पहिल्यांना ऐकवतो आणि दुसऱ्यांच्या नव्या बंगल्यावर आशीर्वादाची प्रार्थना करून येतो. घराला घर आणि शेताला शेत जोडणाऱ्यांना यशयाने हाय हाय म्हटले (यशया ५:८). नाबोथाने वडिलांची जमीन राजालाही विकली नाही. हे पाठ आपल्या उपदेशांत किती वेळा येतात?

म्हणून प्रत्येक मंडळीला विनंती आहे. हिवाळ्यातला एक रविवार ठरवा. उपासनेनंतर मुलांना जवळच्या खाडीवर, तळ्यावर, शेतावर न्या आणि मत्तयाचा सहावा अध्याय तिथे उघड्यावर वाचा. मुलांना पाखरे मोजू द्या, वहीत नावे लिहू द्या. पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा पाहा. जागा बुजलेली दिसली तर तिथे काय होते हे सांगणारी वही हातात असेल. ग्रामसभेत झोनबदलाचा विषय निघाला तर ती वही घेऊन जा आणि बोला. आणि आपल्या घरची वडिलोपार्जित शेतजमीन विकायची वेळ आली, तर सही करण्याआधी कुटुंबाने गुडघे टेकून प्रार्थना करावी. ही जमीन परमेश्वराची आहे (लेवीय २५:२३), आपण तिच्यावरचे पाहुणे आहोत.

प्रभू आपल्याला पाहणारे डोळे आणि बोलणारे तोंड देवो. आमेन.