तीन विषय, एक पदवी

ब्रिटनमधील लिझ ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली; तिची भरपाई कोठून व्हावयाची, हे सांगण्याची तसदी मात्र घेतली नाही. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि पाचच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीसाठी धावून यावे लागले. पुढच्याच महिन्यात ट्रसबाई पायउतार झाल्या आणि त्यांच्या जागी ऋषी सुनक आले. घोळ घालणाऱ्या आणि तो निस्तरणाऱ्या अशा दोघांनीही ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांची एकत्रित पदवी घेतली होती. विल्सन आणि हीथ, कॅमेरन आणि एड मिलिबँड हे मजूर व हुजूर पक्षांतील प्रतिस्पर्धीही याच अभ्यासक्रमाचे विद्यार्थी.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, ग्रीक-लॅटिनच्या जुन्या अभ्यासक्रमाला आधुनिक पर्याय म्हणून ही पदवी निघाली. वस्तुतः ही दुरावलेल्या भावंडांची पुनर्भेट होती. ॲडम स्मिथ ग्लासगो येथे नीतिशास्त्र शिकवीत. मानवी सद्भावनांवरचा त्यांचा ग्रंथ १७५९ चा, राष्ट्रांच्या संपत्तीवरचा १७७६ चा. पुढे मार्शल यांनी १९०३ मध्ये केंब्रिजला अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू करविली आणि अर्थशास्त्राने वेगळी चूल मांडली. त्याने शास्त्राला काटेकोरपणा आला हे नाकारण्याचे कारण नाही. पण संपत्ती कोणासाठी, हा प्रश्न त्या चुलीवर शिजेनासा झाला.

ऑक्सफर्डच्या प्रयोगावर आक्षेप आहे तो असा की, आठवड्याला एक-दोन निबंध लिहून ते अध्यापकापुढे ठामपणे मांडण्याच्या पद्धतीतून ज्ञानापेक्षा वाक्चातुर्य अधिक वाढते. त्यात तथ्य आहे. पण खरा दोष अन्यत्र असावा. पहिल्या वर्षानंतर तिन्हींपैकी एक विषय सोडण्याची तेथे मुभा आहे आणि बहुसंख्य विद्यार्थी ती घेतात. शिवाय प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात. तिन्ही विषय एकाच छपराखाली नांदतात, एका पंगतीला बसतातच असे नाही.

ते एकाच बुद्धीत कसे एकजीव होतात, याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राला दूर जावयास नको. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले आणि त्याच काळात जॉन ड्युई यांची तत्त्वज्ञानावरील व्याख्यानेही त्यांनी ऐकली. १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथात त्यांनी चलनव्यवस्था सरकारच्या मर्जीवर सोडण्यास विरोध केला. प्रश्न विनिमयाचा असला तरी रोख सत्तेच्या मर्यादेवर होता. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकीय समता व सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला, तेव्हा त्यातले तत्त्वज्ञान कोठे संपते आणि अर्थकारण कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला, हे स्वागतार्ह आहे. भीती आहे ती ‘टोपली’तून विषय उचलण्याची. अर्थशास्त्राची एक पुस्तिका, राज्यशास्त्राच्या टिपणांची दुसरी आणि गुण सहज मिळतात म्हणून तत्त्वज्ञानाची तिसरी, एवढ्याने तिहेरी शिक्षण होत नाही. त्यासाठी प्रश्नच असा हवा की जो एका विषयाला पेलणार नाही. रोजगार हमीचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या या योजनेला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. काम मागणे हा हक्क की याचना? शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी व्यवसाय कर का भरावा, आणि विधिमंडळाने तो कसा मान्य केला? मजुरी किती ठेवावी, म्हणजे उपासमार टळेल आणि शेतीची कामेही ओस पडणार नाहीत? या तिन्ही प्रश्नांचे मिळून एकच उत्तर विद्यार्थ्याकडून मागावयास हरकत नाही. फक्त त्या उत्तरपत्रिकेला गुण कोणत्या अभ्यास मंडळाने द्यावयाचे, हे विद्यापीठांना आधी ठरवावे लागेल.